चाळीस पावलं

पहिलं विमान रताळ्यात पडलं.
सुळग्याच्या शिवारात, वेल नुकतेच उपटलेले,
लाल माती मऊ होती म्हणून इंजिन वाचलं,
पंख मात्र तीन वावरांत मिळाले.
भरमाक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली,
"काय खेळूलालासा रे ह्या वयात?"
आणि शेपटीचा तुकडा पदरात घालून घेऊन आली,
वर चार रताळी.

चूक कुणाची, यावर आम्ही आठवडाभर बोललो नाही.
मी उद्यमबागेतला टर्नर, जन्म लेथवर गेला,
मला वाटलं, रिमोटच खोटा.
इराण्णा मोटारींची गुंडाळी बांधायचा.
तो सोमवारी इंजिन फडक्यात बांधून घेऊन गेला
आणि शनिवारी येऊन एवढंच म्हणाला,
"ठिणगी बोलते. सगळ्या पट्टीवर बोलते."

त्यानं जुना ट्रान्झिस्टर काढला,
कुठलंच स्टेशन नाही अशा जागी काटा ठेवला
आणि पंख्याला झटका दिला.
कर्रर्र.
जितक्या ठिणग्या तितक्या वेळा.

लहानपणी सांजेला असल्याच काट्यावर
धारवाड आणि सांगली एकमेकांत घुसायचे.
आई डब्याला थाप मारायची, दोन्ही जायचे.
थापेनं जाणारं हे नव्हतं.

प्लगची टोपी बदलली, आत रोधक असलेली.
जाड वायरीवर तांब्याची जाळी चढवली,
तिचं टोक इंजिनाच्या अंगाला आवळलं.
"अर्धवट जोडलीस तर," इराण्णा म्हणाला,
"जाळी नाही, अजून एक एरियल."
ठिणगीची बॅटरी वेगळी काढली.
चूल वेगळी, मी म्हणालो. तो हसला नाही.
रिसिव्हर एक वीत मागे सरकवला, मग अजून एक.

आणि माझी पितळी सळी, थ्रॉटलची,
मी स्वतः फिरवलेली, आरशासारखी,
तीच कर्रर्र पाठीमागे वाहून नेत होती.
त्यानं ती काढली, आठ रुपयांची नायलॉनची घातली.
सळी अजून माझ्या खिडकीत आहे.
ऊन आलं की भिंतीवर एक रेघ पडते.

तेव्हापासून दर रविवारी, उडवण्याआधी,
एरियल मिटवायचं आणि चाळीस पावलं जायचं.
इराण्णा विमान गुडघ्यांत धरून बसायचा, इंजिन चालू,
मी चालायचो कापलेल्या भातातून.
माझी पावलं तो तिथून मनात मोजायचा, कन्नडमध्ये,
आणि आमचं चाळीस कधीच एका जागी आलं नाही.

हाक पोचत नाही त्या आवाजात.
मी दांडी डावीकडे लोटली, सुकाणू डावीकडे.
उजवीकडे, उजवीकडे.
मग हात काढून घ्यायचा.
खरी परीक्षा तीच:
काहीच सांगितलं नाही तरी शेपूट थरथरतं का?
थरथरलं तर इराण्णा टोपी काढणार.
नाही तर काहीच करणार नाही.

यंदा दिवाळीनंतर शेपूट थरथरलं.
टोपी निघाली नाही.
मी चाळीस पावलं पळत आलो,
जाळी चाचपली, टोपण दाबलं, बॅटरी हलवून बघितली.
मग इंजिन बंद केलं.
शेपूट थरथरतच होतं, पंखही, पोटाची फळीही.
इराण्णा भरमाक्काच्या बांधाकडे बघत होता.
"जून महिन्यापासून," तो म्हणाला.
माझ्या तोंडात जाळीबद्दलचंच काहीतरी होतं.
ते मी गिळलं.

आता विमान मी धरतो.
तो रिमोट घेतो, जाताना आपली टोपी
माझ्या डोक्यावर ठेवतो.
पेट्रोलचा वास येतो तिला.
त्याची पावलं आखूड झालीत, मोजायला वेळ लागतो.
तो दांडीवर बोट ठेवतो,
सुकाणू डावीकडे जातं, जाताना थोडं शहारतं,
उजवीकडे, तसंच.

मग तो हात काढून घेतो.
मी बघत राहतो.